मातीचा गड, मातीचे शिपाई

आश्विन महिना सरत आला, सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की महाराष्ट्रातील मुलांना किल्ल्याचे वेध लागतात. अंगणाच्या कोपऱ्यात दगड-विटा येऊन पडतात. कोणी जुने गोणपाट आणतो, कोणी घमेल्यात माती कालवतो, कोणी पाण्याची कळशी घेऊन धावतो. दगडांच्या राशीवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले, की डोंगर उभा राहतो. मग त्यावर बुरूज चढतात, पायऱ्या कोरल्या जातात, गुहा खोदल्या जातात, पायथ्याशी तळे होते. उतारावर पेरलेले अळीव आणि मोहरी चार दिवसांत तरारून वर येतात. शेवटी बाजारातून आणलेले रंगीत मावळे जागोजागी पहाऱ्यावर उभे राहतात आणि सर्वांत उंच जागी शिवाजी महाराजांचे सिंहासन मांडले जाते.

हा मुलांचा खेळ आहे यात संशय नाही. परंतु तो केवळ खेळ नव्हे. मोठी भूमी लहान करून डोळ्यांसमोर मांडणे, त्या भूमीवर लहान शिपाई उभे करणे आणि त्यांच्या साहाय्याने लढाईचा विचार करणे, ही एक जुनी विद्या आहे. राजांनी आणि सेनापतींनी तिचा आश्रय घेतला आहे, कारागिरांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे परिश्रम केले आहेत, आणि आजही जगातील अनेक देशांत मोठी माणसेसुद्धा मोठ्या हौसेने ती जोपासतात. अंगणातला किल्ला या विद्येचाच पहिला धडा होय.

या विद्येचे एक मूळ आपल्या देशातच आहे. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर मांडून प्राचीन भारतीयांनी चतुरंग नावाचा खेळ रचला. तोच पुढे इराणमार्गे जगभर गेला आणि बुद्धिबळ म्हणून प्रसिद्धीस आला. परंतु बुद्धिबळाचा पट सपाट असतो. त्यावर डोंगर नाही, नदी नाही, चिखल नाही. खऱ्या रणभूमीवर मात्र एखादी टेकडी किंवा एखादा ओढा शंभर शिपायांचे काम करतो. म्हणून पटावर भूमीही उतरवावी, असे पुढे माणसाला वाटू लागले.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, इ. स. १६६८ पासून, सरहद्दीवरील किल्ल्यांच्या प्रतिकृती तयार करण्यास आरंभ झाला. लाकूड, कागद, रेशीम आणि वाळू यांपासून केलेल्या या प्रतिकृतींचे प्रमाण पुढे एकास सहाशे असे ठरले. म्हणजे सहाशे मीटर लांबीचा तट एक मीटर लांबीचा दिसे. राजधानीत बसून दूरच्या किल्ल्याची बलस्थाने व दुबळ्या जागा राजाला पाहता येत. यांतील कित्येक प्रतिकृती पॅरिस येथील संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.

प्रशियातील राइसवित्झ नावाच्या एका सरदाराने इ. स. १८१२ मध्ये आपल्या राजाला एक अजब मेज भेट दिले. त्या मेजावर डोंगर, नद्या, रस्ते व गावे कोरलेले चौकोनी तुकडे होते. ते हवे तसे जुळवले की दर वेळी नवी भूमी तयार होई. त्याच्या मुलाने, जो स्वतः लष्करात अधिकारी होता, इ. स. १८२४ मध्ये या खेळाचे नियम सुधारले. मेजाच्या जागी त्याने एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा घेतला, पलटणींसाठी लाल व निळे ठोकळे केले, नशिबाचा भाग म्हणून फासे ठेवले आणि दोन्ही पक्षांवर एक पंच नेमला. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी या खेळाने युद्धशास्त्र शिकू लागले.

याहून नवलाची गोष्ट विल्यम सायबॉर्न या इंग्रज अधिकाऱ्याची आहे. इ. स. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. त्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम सायबॉर्नकडे आले. इ. स. १८३० मध्ये तो आठ महिने त्या रणभूमीवर जाऊन राहिला. प्रत्येक चढ, प्रत्येक कुंपण, प्रत्येक शेत त्याने मोजून घेतले. इतकेच करून तो थांबला नाही. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवून विचारले, की त्या सायंकाळी तुमची पलटण नेमकी कोठे उभी होती, समोर शत्रू कोणता होता आणि शेतात कोणते पीक होते. उत्तरे आली, ती एकमेकांशी ताडून पाहिली आणि मग त्याने सत्तर हजारांहून अधिक चिमुकले धातूचे शिपाई आपापल्या जागी उभे केले. इ. स. १८३८ मध्ये ही प्रतिकृती लंडनमध्ये लोकांना पाहावयास मिळाली. प्रतिकृती सुंदर असणे पुरेसे नाही, ती खरी असली पाहिजे, हा सायबॉर्नच्या परिश्रमांचा धडा आहे.

खरी प्रतिकृती करावयाची तर आधी खरी भूमी डोळे उघडून पाहिली पाहिजे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांतील मुलांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. पश्चिमेला अरबी समुद्र आणि वाळूचा किनारा. त्याला लागून खाड्या, खाजणे आणि तिवरांची दाटी. मग ताडांच्या रांगा, चिकूच्या वाड्या आणि भाताची खाचरे. त्यांच्यापलीकडे सागाचे व मोहाचे रान. आणि पूर्वेला एकामागून एक चढत गेलेले डोंगर. इतक्या प्रकारची भूमी एवढ्या थोड्या अंतरात क्वचितच पाहावयास मिळते. डहाणूच्या खाडीकाठी पोर्तुगीजांचा किल्ला आहे. डहाणू तालुक्याच्या डोंगराळ भागात सहाशे मीटरांहून उंच असा गंभीरगड उभा आहे. याच परिसरात बल्लाळगड आणि सेगवा हे छोटे किल्ले आहेत. दक्षिणेस पालघर तालुक्यात अशेरीगड आहे. त्याच्या वाटेवर पोर्तुगीजांचे राजचिन्ह कोरलेला दगड अजून दिसतो. राजगड आणि रायगड सर्वांना ठाऊक असतात. आपल्या गावाजवळचा गड मात्र पुष्कळदा आपल्यालाच ठाऊक नसतो. अंगणात किल्ला करावयाचा तर यांपैकी एखादा का करू नये?

समजा, गंभीरगड करावयाचे ठरले. येथे पहिलाच प्रश्न प्रमाणाचा येतो. बाजारातला मातीचा शिपाई सुमारे तीन सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस एकशे पासष्ट सेंटिमीटर उंच धरला, तर हा शिपाई पंचावन्न पटींनी लहान झाला. याच हिशेबाने सहाशे मीटर उंचीचा डोंगर केला, तर तो अंगणात जवळजवळ अकरा मीटर उंच होईल! तीन मजली घराहून उंच असा तो डोंगर कोण रचणार? उलट, डोंगर पाच हजार पटींनी लहान केला, तर तो बारा सेंटिमीटरांत बसतो. पण मग त्यावरचा शिपाई खसखशीच्या दाण्याहूनही लहान होतो. तो रंगवणार कोण आणि पाहणार कोण?

या अडचणीतून जगातील सर्व कारागिरांनी एकच वाट काढली आहे. भूमीचे प्रमाण एक ठेवावयाचे आणि शिपायांचे दुसरे. सायबॉर्ननेही तसेच केले होते. त्याचे शिपाई भूमीच्या मानाने बरेच मोठे होते. एक शिपाई म्हणजे एक माणूस न समजता पन्नास किंवा शंभर माणसांची तुकडी समजावी, म्हणजे हिशेब जुळतो. मात्र भूमीच्या आतले प्रमाण बिघडू देऊ नये. डोंगर एका मापाने आणि खाडी दुसऱ्या मापाने केली, तर ती प्रतिकृती न राहता नुसती सजावट होते.

भूमीचे माप मिळवण्याचे उत्तम साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर डोंगराभोवती वळणावळणाच्या रेषा काढलेल्या असतात. एका रेषेवरील सर्व ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. म्हणून त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेपासून दुसरी रेषा वीस मीटर उंचीवर असते. रेषा जवळजवळ आल्या की तेथे कडा आहे असे समजावे. दूरदूर गेल्या की तेथे सपाटी आहे असे समजावे. आता हा नकाशा दहा पटींनी मोठा करून कागदावर उतरवावा, म्हणजे प्रमाण एकास पाच हजार झाले. या प्रमाणात वीस मीटर म्हणजे चार मिलिमीटर, अर्थात जाड खोक्याच्या पुठ्ठ्याची जाडी. प्रत्येक समोच्च रेषेच्या आकाराचा एक पुठ्ठा कापून ते एकावर एक चिकटवत गेले, की तीस थरांत सहाशे मीटरांचा डोंगर हुबेहूब उभा राहतो. कोणती वाट सोपी आणि कोणती अवघड, हे पुठ्ठे चिकटवतानाच बोटांना कळू लागते.

असा डोंगर केल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मुले बहुधा धान्याच्या राशीसारखा निमुळता डोंगर करतात. आपल्या भागातले डोंगर तसे नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे भूगर्भातून तप्त लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ थर झिजून उतार व सपाट्या झाल्या. यामुळे सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. अशा सपाटीवरच गडाची माची वसते आणि अशा कड्यामुळेच तटाचे काम वाचते. गड कोणी बांधला हे इतिहास सांगतो. तेथेच का बांधला हे डोंगरच सांगतो.

पुठ्ठ्यांच्या पायऱ्यांवर मातीचा लेप द्यावयाचा असतो. नुसत्या मातीचा लेप वाळताना तडकतो, कारण मातीतले पाणी उडून गेले की माती आकसते. म्हणून मातीत बारीक चिरलेला पेंढा किंवा काथ्याचे तुकडे आणि थोडे शेण मिसळावे. हे तंतू मातीला धरून ठेवतात. कुडाच्या भिंती लिंपणाऱ्या वारली बायकांना ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लेप पातळ द्यावा, सावलीत वाळू द्यावा आणि मग दुसरा द्यावा. घाई करून उन्हात ठेवलेला डोंगर दुसऱ्या दिवशी भेगाळलेला आढळतो.

मग भूमीला वेष चढवावा. नदीची बारीक वाळू डिंकाने चिकटवली की किनारा होतो. कोळशाची पूड मिसळलेल्या रंगाने कडे काळेभोर दिसतात. लाकडाचा भुसा रंगवून वाळवला की गवत होते. मात्र सारा डोंगर हिरवागार करू नये. दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते आणि खाचरांतले भात सोनेरी झालेले असते. ते तसेच दाखवावे. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे काडीवर बसवून रंगवले की झाडे होतात. खराट्याच्या हिरांचा कूड बांधून त्यावर माती लिंपली आणि वर पेंढा घातला, की वारली पाड्यातले घर तयार होते. खाडीसाठी पाणी ओतू नये. त्याने माती विरघळते. फळीला करडा-हिरवा रंग देऊन त्यावर काच ठेवली, म्हणजे पाण्याचा भास होतो. काचेच्या कडेला ओल्या चिखलाच्या रंगाचा पट्टा ठेवण्यास विसरू नये. ओहोटीच्या वेळी खाडीत पाण्याहून चिखलच अधिक असतो, हे डहाणूच्या कोणत्याही कोळ्याच्या मुलाला ठाऊक आहे.

भूमी सिद्ध झाली, आता शिपायांकडे वळावे. पुण्याच्या कुंभारवाड्यात दिवाळीपूर्वी मावळ्यांच्या चित्रांची मोठी विक्री होते. साच्यात माती दाबून एकसारखी चित्रे काढली जातात. विलायतेत शिपाई धातूचे करीत, इ. स. १८९३ मध्ये ब्रिटन नावाच्या इंग्रज कारखानदाराने आतून पोकळ शिसेशिपाई ओतण्याची युक्ती काढली, तेव्हा ते हलके व स्वस्त झाले. शिसे आरोग्यास घातक आहे हे पुढे कळून आले आणि त्याचा वापर मागे पडला. घरी करावयाचे तर शाडूची माती उत्तम. तारेचा सांगाडा करून त्यावर माती चढवावी, भाला व तलवार यांसाठी बांबूची बारीक काडी वापरावी आणि शिपाई सावलीत तीनचार दिवस वाळू द्यावा.

रंगकाम हे या विद्येतील सर्वांत नाजूक काम. शिपाई हातात धरला की बोटांचा घाम रंगाला लागतो. म्हणून तो आधी बाटलीच्या बुचावर चिकटवून घ्यावा आणि बूच धरून रंगवावे. प्रथम सर्व अंगाला खडूच्या पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा. त्यामुळे पुढचे रंग उठून दिसतात. मग आतून बाहेर या क्रमाने रंग द्यावेत. आधी अंगाचा वर्ण, मग अंगरखा व सुरवार, मग शेला व पागोटे, मग शस्त्रे, आणि डोळे अगदी शेवटी. गेरू, पिवडी, नीळ, काजळ आणि खडू एवढ्या पाच रंगांत डिंकाचे पाणी मिसळले की बहुतेक सर्व छटा साधतात.

एवढे करूनही शिपाई सपाट आणि निर्जीव दिसतो. असे का होते? खऱ्या माणसाच्या कपड्यांच्या चुण्यांत सावली पडते आणि कपाळावर, खांद्यावर उजेड पडतो. तीन सेंटिमीटरांच्या शिपायाच्या अंगावर इतक्या सूक्ष्म चुण्या असतात, की त्यांत पुरेशी सावली पडतच नाही. म्हणून रंगाऱ्याला सावली आणि उजेड हे दोन्ही आपल्या हाताने द्यावे लागतात. काळसर रंगाचे अगदी पातळ पाणी शिपायावरून फिरवले, की ते आपोआप खोलगट भागांत उतरते आणि तेथे सावली तयार होते. ते वाळल्यावर कुंचल्याला फिकट रंग लावून तो फडक्यावर पुसून घ्यावा. असा जवळजवळ कोरडा कुंचला शिपायावरून हलकेच फिरवला, की फक्त उंचवट्यांना रंग लागतो आणि तेथे उजेड पडल्यासारखा दिसतो. या दोन कृतींनी मातीच्या गोळ्यात जीव आल्याचा भास होतो.

तथापि, लहान चित्रात सर्वच बारकावे दाखवण्याचा हट्ट धरू नये. याविषयी उत्तम शिक्षण डहाणू-तलासरीच्या घराघरांतून मिळते. वारली चित्रकार कुडाच्या गेरूसारख्या लाल भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. त्यांची माणसे म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एक गोल डोके आणि चार रेघांचे हातपाय. नाक नाही, डोळे नाहीत, कपड्यांचा रंग नाही. तरीही कोण नाचतो आहे, कोण ओझे वाहतो आहे, कोण दमला आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. कारण अंगाचा झोक अचूक साधलेला असतो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. इ. स. २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. शिपाई घडवणाऱ्या मुलाने मशे यांची चित्रे पाहावीत. पहारेकरी ताठ उभा आहे, चढणारा पुढे वाकला आहे, तोफ ओढणारा मागे रेलला आहे, एवढे साधले की अर्धे काम झाले. डोळ्यांच्या बाहुल्या नंतर काढता येतात.

भूमी झाली, सैन्य झाले; आता खेळाकडे वळता येते. खेळ म्हणजे शिपाई फेकून पाडणे नव्हे. दोन पक्ष करावेत आणि एक पंच निवडावा. प्रत्येक डावात पायदळाने पंधरा सेंटिमीटर आणि घोडदळाने तीस सेंटिमीटर चालावे, असा नियम ठरवून दोरीने अंतर मोजावे. चढावर चाल निम्मी करावी, खाजणाच्या चिखलात पाव करावी. उभ्या कड्यावरून कोणी चढू नये. मार किती लागला हे फाशाने ठरवावे. गडावरील टाक्यांत पाणी किती डाव पुरेल हे आधीच लिहून ठेवावे. दोनचार खेळ होताच मुलांच्या ध्यानात येते, की पुष्कळदा शौर्याआधी वाट, पाणी आणि वेळ यांचीच लढाई होते.

आता हीच दृष्टी खऱ्या इतिहासाकडे वळवून पाहावी. इ. स. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. उत्तरेस दमणही त्यांचेच होते. या दोन ठाण्यांच्या मधल्या किनाऱ्यावर डहाणू, तारापूर, माहीम, केळवे अशी त्यांची ठाणी ओळीने होती आणि मागे डोंगरात अशेरीसारखे गड होते. इ. स. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम केली. वसईवर शेवटचा घाव घालण्यापूर्वी, इ. स. १७३९ च्या आरंभी, मराठ्यांनी उत्तरेकडील ही ठाणी एकामागून एक घेतली. असे का केले, हे पुस्तकात वाचून चटकन उमगत नाही. परंतु हा किनारा वाळूत आखून प्रत्येक ठाण्याच्या जागी एकेक खडा ठेवला, की कारण स्पष्ट दिसते. मधले खडे उचलले, म्हणजे वसईचा दमणशी असलेला जमिनीवरचा संबंध तुटतो. त्यानंतर मराठ्यांनी वसईला वेढा घातला, तटाखाली सुरुंग खणले आणि निकराच्या लढाईनंतर त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई घेतली. इतिहासातील एखादे कठीण प्रकरण वाळूतल्या चार खड्यांनी सुटते, हा या खेळाचा मोठाच लाभ होय.

परंतु याच ठिकाणी एक गोष्ट विसरता कामा नये. तारापूरच्या किल्ल्यावर जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी हल्ला केला, तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर हा शूर सरदार कामास आला. तटाच्या आतले आणि बाहेरचे कितीतरी साधे शिपाईही त्या दिवशी पडले. त्यांची नावेसुद्धा आज कोणास ठाऊक नाहीत. मेजावर पाडलेला मातीचा शिपाई पुढच्या डावासाठी उचलून उभा करता येतो. त्याचा हात मोडला तर डिंकाने चिकटतो. बाजी भिवराव पुन्हा उठले नाहीत, आणि ज्या घरांतील माणसे त्या मोहिमेत गेली, त्या घरांत पुन्हा तशी दिवाळी आली नाही.

एच. जी. वेल्स या विख्यात इंग्रज लेखकाला शिसेशिपायांच्या लढाया खेळण्याचा मोठा नाद होता. त्या खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक त्याने इ. स. १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. खेळाचे वर्णन मोठ्या रंगात येऊन केल्यावर त्याने शेवटी बजावले, की खेळण्यातली लढाई चार वेळा खेळून पाहणाऱ्याला खरे युद्ध किती गोंधळाचे आणि किती अविचाराचे असते हे कळून चुकते. तेव्हा लढण्याची हौस मेजावरच फेडावी. दुसऱ्याच वर्षी, इ. स. १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले आणि लाखो तरुण त्यात मारले गेले. वेल्सचे सांगणे त्या वेळी कोणी मनावर घेतले नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही.

मातीचा गड दिवाळी संपली की ढासळतो. अळिवाची रोपे पिवळी पडतात, शिपाई पुन्हा खोक्यात जातात. परंतु ज्या मुलाने एकदा गंभीरगडाच्या समोच्च रेषा कापल्या, त्याला तो डोंगर यापुढे नुसता डोंगर दिसत नाही. त्यावरची वाट, माची आणि पाण्याची जागा त्याच्या मनात उमटलेली असते. खऱ्या गडांचे चिरे मात्र पाऊस, झाडांची मुळे आणि माणसांचे दुर्लक्ष यांमुळे दरवर्षी निसटत आहेत. बल्लाळगड, सेगवा, अशेरी यांसारख्या गडांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मुलांनी ते पाहावेत, त्यांची मापे घ्यावीत, त्यांची चित्रे काढावीत, पण त्यांचा एक दगडही जागचा हलवू नये. अंगणातला गड दरवर्षी नवा करता येतो. डोंगरावरचा गड एकदा ढासळला, की तो तसाच्या तसा पुन्हा कोणालाही उभारता येत नाही.

स्वाध्याय

१. बुद्धिबळाच्या पटात कोणती उणीव आहे? ती दूर करण्यासाठी कोणी कोणते प्रयत्न केले?
२. भूमीचे प्रमाण आणि शिपायांचे प्रमाण वेगळे का ठेवावे लागते? उदाहरण देऊन सांगा.
३. चिमण्या शिपायाला सावली व उजेड रंगाने का द्यावे लागतात?
४. वारली चित्रांतून शिपाई घडवणाऱ्याने काय शिकावे?
५. ‘मेजावर पाडलेला मातीचा शिपाई पुढच्या डावासाठी उचलून उभा करता येतो.’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
६. आपल्या गावाजवळील एखाद्या किल्ल्याची, टेकडीची किंवा खाडीची प्रतिकृती करण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी करा.